धनेश आणि रानपिंगळा: जुन्या झाडांचा प्रश्न

महाराष्ट्राच्या जंगलांतल्या पक्ष्यांचा विषय निघाला की दोन नावे हमखास पुढे येतात. एक महाधनेश, दुसरा रानपिंगळा. एकाचे घर सह्याद्रीच्या दमट, सदाहरित जंगलात, कोकणातल्या देवरायांत आणि गोव्याच्या म्हादई-खोतीगाव पट्ट्यात. दुसऱ्याचे सातपुड्याच्या उन्हाने तापलेल्या सागवानात, तोरणमाळपासून मेळघाटापर्यंत. दोघांचे नातेही लांबचे. धनेश हुदहुदाच्या गणात मोडतो, रानपिंगळा घुबडांच्या. या दोन गणांच्या वाटा डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळात, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. आहार वेगळा, आवाज वेगळा, आकारात तर तुलनाच नाही. तरीही जंगल वाचवणे म्हणजे नेमके काय वाचवणे, हे समजून घ्यायचे असेल तर या दोघांना शेजारी ठेवून पाहावे, असे मला वाटते. एकट्या धनेशाकडे पाहिले की जंगल म्हणजे दाट सावली, असे वाटू लागते. एकट्या रानपिंगळ्याकडे पाहिले तर दाट सावलीच घातक वाटते. दोघांना एकत्र पाहिले की तिसरीच गोष्ट नजरेत भरते, आणि ती आपल्या वनधोरणात जवळजवळ कुठेच नाही.

महाधनेशाला राज धनेश असेही म्हणतात. कोकणात धनेशांना कुठे ककणेर, कुठे माडगरुड म्हणतात. चोचीपासून शेपटीपर्यंत तीन ते चार फूट लांबी, तीन किलोच्या आसपास वजन, पिवळीधमक चोच आणि तिच्यावर आतून पोकळ असलेले शिंगासारखे शिरस्त्राण. नराचे डोळे लाल, मादीचे पांढरट. उडताना पंखांचा जो घरघराट होतो तो झाडांच्या आडून खूप दुरून ऐकू येतो, कारण पंखांच्या खालच्या बाजूला उड्डाणपिसांची मुळे आच्छादनपिसांनी नीट झाकलेली नसतात आणि हवा त्यांतून घुसते. ज्यांनी तो आवाज एकदा ऐकला आहे त्यांना पक्षी दिसण्याची गरज उरत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे बोधचिन्ह हाच पक्षी आहे. 1894 पासून 1920 पर्यंत सोसायटीच्या जागेत ‘विल्यम’ नावाचा एक महाधनेश राहत होता. सोसायटीच्या इमारतीचे आणि मासिकाचे नावही या पक्ष्यावरूनच आले. अरुणाचल प्रदेश आणि केरळ या दोन राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. थोडक्यात, हा पक्षी कधी कोणाच्या नजरेतून सुटला नाही.

रानपिंगळ्याचे नेमके उलटे झाले. वीतभर लांबीचे हे छोटे घुबड 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसनाच्या परिसरात ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागले आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे ज्यांचे नाव आले तेच हे ह्यूम. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून आणखी काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र सगळे थांबले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी, आणि जंगलात पक्षी नाही.

या गैरहजेरीत एक फसवणूक दडलेली होती आणि तिची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळवल्याचे सांगितले होते. नोंद सर्वांनी मान्य केली. पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनीही हा पक्षी शोधला, पण तो सापडला नाही. तो कुठे राहत असेल याविषयीच्या अंदाजांवर त्या नोंदीची छाया पडलेली होती. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे कातडे बारकाईने तपासले तेव्हा कळले की ते मुळात डेव्हिडसन यांचे होते. संग्रहालयातून ते चोरले गेले, पुन्हा भरले गेले आणि त्याला नवी चिठ्ठी लावली गेली. नायजेल कॉलर यांच्यासह रासमुसेन यांनी 1999 मध्ये हा प्रकार प्रसिद्ध केला. त्याआधीच, ही खोटी नोंद बाजूला काढून आणि खऱ्या जुन्या ठिकाणांवर भर देत त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर भारतात आल्या, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या जंगलात एका निष्पर्ण फांदीवर, भर उजेडात, रानपिंगळा बसलेला दिसला. मधे 113 वर्षे गेली होती.

या 113 वर्षांत तो त्या भागातून गेलेला नव्हता, याचे मला फार महत्त्व वाटते. सातपुड्यातले पावरा, भिल्ल, कोरकू लोक त्या जंगलात रोज वावरत होते. पक्षी तिथेच होता. नोंदणारा चुकीच्या नकाशावर विसंबला होता आणि ज्यांना तो दिसत असणार त्यांना कोणी विचारले नव्हते. गावोगावी आढळणारा ठिपकेवाला पिंगळा आणि हा रानपिंगळा दिसायला जवळचे. रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ ठिपके नसतात, छातीवर गडद पट्टा असतो, पोटाचा खालचा भाग पांढरा असतो, शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पंजे अंगाच्या मानाने दणकट असतात. एवढा फरक लक्षात घेणारा डोळा तिथे पोचायला शतक लागले.

पुन्हा सापडल्यानंतरचे काम झपाट्याने झाले. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ परिसरात त्याच्या आहाराचा आणि विणीचा अभ्यास केला. पुढे गिरीश जठार यांनी तोरणमाळ, यावल आणि मेळघाट अशा मोठ्या पट्ट्यात अधिवासाचा अभ्यास पुढे नेला. त्यातून जे चित्र तयार झाले ते घुबडाविषयीच्या आपल्या कल्पनेला धक्का देणारे आहे. हा दिवसा शिकार करतो. सकाळी उघड्या शेंड्यावर बसून ऊन खातो, शेपटी झटकत खालच्या गवताकडे बघत राहतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ यांवर झेप घेतो. त्याला विरळ, उघडे, पानझडी जंगल लागते. झाडांमधून जमीन दिसली पाहिजे, नाहीतर भक्ष्य दिसणार कसे? विणीच्या काळात अंडी उबवणाऱ्या मादीला नर भक्ष्य आणून देतो. इश्तियाक आणि रहमानी यांनी नराने आपलेच पिल्लू खाल्ल्याचीही नोंद केली आहे. निसर्गाला आपल्या कुटुंबाच्या कल्पनांत बसवणाऱ्यांनी ही नोंद आवर्जून लक्षात ठेवावी.

2014 मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला आणि अभ्यासक चकित झाले, कारण हे जंगल सातपुड्यापेक्षा ओलसर आहे. गुजरातेत डांगकडच्या जंगलांतूनही नोंदी आल्या. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या श्रेणीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आणले. ही बातमी आनंदाची म्हणून छापली गेली. तिचा अर्थ मात्र इतकाच की पूर्वी वाटत होते त्याहून जास्त ठिकाणी तो आहे. त्याची परिस्थिती सुधारली, असे त्यातून निघत नाही. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही हजाराच्या आतच आहे. त्याच वर्षी महाधनेश मात्र एक पायरी वर, म्हणजे ‘असुरक्षित’ श्रेणीत गेला.

इथे दोघांतला एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. महाधनेश सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि पुढे ईशान्य भारतातून थेट सुमात्रापर्यंत पसरलेला आहे. सिंधुदुर्गातला शेवटचा महाधनेश गेला तरी जगातला महाधनेश संपणार नाही. रानपिंगळा जगात दुसरीकडे कुठेच नाही. मध्य आणि पश्चिम भारतातली काही जंगले, एवढाच त्याचा पसारा. म्हणून केवळ प्रजाती टिकवण्याच्या हिशेबाने पाहिले तर महाराष्ट्राची पहिली जबाबदारी रानपिंगळा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण जंगलाच्या हिशेबाने पाहिले तर पारडे दुसरीकडे झुकते. धनेश फळे अख्खी गिळतो आणि मोठ्या बिया दूरवर नेऊन टाकतो. वड, उंबर, नांद्रुक यांची फळे तर तो खातोच, पण रानजायफळासारख्या मोठ्या बीच्या झाडांना त्याची खरी गरज असते, कारण इतकी मोठी बी गिळू शकणारे पक्षी फार थोडे आहेत. धनेश गेले की ही झाडे लगेच मरत नाहीत. ती उभीच राहतात, फुलतात, फळतात, आणि त्यांची रोपे मात्र आईच्याच सावलीत गर्दी करून मरतात. नुकसान दिसायला पन्नास वर्षे लागतात. कोकणात जास्त दिसणारा त्याचा भाऊबंद, मलबारी कवड्या धनेश, काजऱ्यासारख्या झाडाचीही फळे खातो, ज्याच्या बिया माणसाला विषारी आहेत. रानपिंगळ्याबद्दल असे काही सांगता येत नाही. तो नाहीसा झाला तर उंदीर-सरडे दुसरी घुबडे आणि शिक्रे खातील, आणि सातपुड्याच्या जंगलात उघड्या डोळ्यांना बदल दिसणारही नाही. काही संवर्धनवादी मंडळी प्रत्येक प्राण्याचा काहीतरी ‘उपयोग’ शोधून दाखवतात. रानपिंगळ्याच्या बाबतीत मला ही वाट मान्य नाही. तो उपयोगी म्हणून वाचवायचा नाही. तो आहे, फक्त इथेच आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

आता दोघांना जोडणाऱ्या गोष्टीकडे येतो. ती आहे ढोली.

दोघेही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात आणि दोघांनाही ढोली कोरता येत नाही. सुतार आणि तांबट हे कोरणारे पक्षी. बाकीच्यांना त्यांनी सोडलेल्या किंवा झाड कुजून आपोआप तयार झालेल्या पोकळीवर अवलंबून राहावे लागते. वादळात मोठी फांदी मोडते, त्या जखमेतून बुरशी शिरते, आतले लाकूड हळूहळू भुसभुशीत होते, वाळवी ते पोखरते, आणि बाहेरचे झाड मात्र जिवंत राहते. या क्रियेला काही दशके लागतात. रानपिंगळ्याला लहान पोकळी चालते, म्हणून मध्यम जाडीचे, जखमी, थोडे कुजलेले झाडही त्याला पुरते. महाधनेशाची मादी स्वतःला आत कोंडून घेते, तिच्यासह पिल्लू आत मावावे लागते, तेव्हा खोडाचा घेर तसाच प्रचंड हवा. असे झाड बहुधा शंभरी ओलांडलेले असते.

मादीचे हे कोंडून घेणे पक्षिजगतातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर ती ढोलीत शिरते आणि मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने तोंड लिंपून चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत असताना तिची उड्डाणपिसे गळून नवी येतात, म्हणजे त्या काळात तिला उडताच येत नाही. अंडे उबायला सुमारे चाळीस दिवस, आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत सगळे मिळून तीन-चार महिने. पुष्कळदा मादी आधी बाहेर येते आणि पिल्लू आतून फट पुन्हा लिंपून घेते. या सगळ्या काळात नर फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. त्याला कोणी मारले तर आतले दोन्ही जीव जातात. अंडी दोन घातली तरी बहुतेक वेळा एकच पिल्लू वाढते. म्हणजे एका जोडीचे वर्षाचे उत्पन्न फार तर एक पिल्लू, तेही ढोली मिळाली तर. आणि धनेश वर्षानुवर्षे त्याच ढोलीत परततो.

यातून मोजणीबद्दल एक धोक्याची सूचना मिळते. धनेश दीर्घायुषी आहे आणि फळांच्या शोधात मैलोन्मैल उडतो. एखाद्या गावावरून वर्षानुवर्षे धनेश जाताना दिसतील, लोक म्हणतील आमच्याकडे भरपूर आहेत, आणि त्या परिसरात विणीजोगे एकही झाड उरलेले नसेल. जुनी पिढी उडत राहते आणि नवी जन्मत नाही. रानपिंगळा आपला इलाखा धरून राहतो. तो दिसला म्हणजे तिथे राहतो, असे साधारणपणे मानता येते. म्हणून धनेशांसाठी उडते पक्षी मोजण्यापेक्षा चालू घरटी मोजणे हाच खरा हिशेब आहे, आणि दक्षिणेतल्या व ईशान्येतल्या चांगल्या प्रकल्पांनी तोच धरला.

थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद यांनी 1978 पासून धनेशांचा अभ्यास चालवला. ढोलीचा तळ कुजून खाली बसला किंवा सालीच्या वाढीने तोंड अरुंद झाले तर पक्षी ते घर सोडतात, हे त्यांच्या गटाला आढळले, आणि त्यांनी ढोल्या दुरुस्त करायला सुरुवात केली. बूदो डोंगरात पूर्वी पिल्ले चोरणाऱ्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले गेले. आपल्याकडे केरळात वाळच्चालच्या जंगलात कादर आदिवासींनी हे काम हाती घेतले. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती अपराजिता दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निशी गावकऱ्यांबरोबर घरटे दत्तक योजना उभी केली. निशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर खरी चोच लागत असे, तिथे फायबरची चोच आली. अनामलाईत दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी चहा-कॉफीच्या मळ्यांमधल्या जंगलाच्या तुकड्यांत मूळची झाडे परत लावली. या सगळ्या कामांत जुने झाड आणि त्याच्या जवळ राहणारा माणूस, दोघांनाही धरून ठेवलेले दिसते.

महाराष्ट्रात काय आहे? कोकणातले बरेचसे जंगल खासगी मालकीचे. दिवाळीनंतर पावसाआधीपर्यंत तोडीचा हंगाम, आणि नेमका त्याच काळात धनेशाची मादी ढोलीत बसलेली. बेहडा, सातवीण, जुना आंबा यांसारखे मोठे झाड ठेकेदाराला एका दिवसात पैसे देते. देवरायांनी ही झाडे शतकानुशतके राखली, पण गेल्या काही दशकांत मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवाचीच झाडे विकली जाऊ लागली. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या लागवडी पसरल्या. 2020 मध्ये तिळारीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे चांगले झाले, पण खासगी रानातल्या झाडांना त्याचा आधार नाही. सातपुड्यात दुखणे वेगळे आहे. यावल अभयारण्यातली अतिक्रमणे, दर उन्हाळ्यातले वणवे, जळणासाठी मोडल्या जाणाऱ्या वठलेल्या फांद्या, उंदरांसाठी शेतात ठेवलेले विष. रानपिंगळ्याचा सर्वांत भक्कम आधार आज मेळघाट आहे, आणि मेळघाट मुख्यतः वाघासाठी राखला गेला, हेही कबूल केले पाहिजे.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती मोजमापाची. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल उपग्रहाच्या चित्रांवरून तयार होतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के तरी झाडांचे छत्र असेल तर ती ‘वनाच्छादन’ धरली जाते. झाड कोणते आणि जमीन कोणाची, हे पाहिले जात नाही. छत्र 70 टक्क्यांवर असेल तर अतिघनदाट, 40 ते 70 मध्यम, आणि 10 ते 40 असेल तर ‘खुले वन’. या पट्टीवर दोडामार्गातले रबर हिरवे दिसते. जुनी राई तोडून त्या जागी काजू वाढला तरी काही वर्षांत आकडा भरून निघतो. इकडे रानपिंगळ्याचे विरळ सागवान ‘खुले’ म्हणून खालच्या पायरीवर जाते आणि कोणाला तरी वाटते की इथे भरगच्च लागवड करून ते सुधारले पाहिजे. म्हणजे एकच पट्टी धनेशाचे नुकसान लपवते आणि रानपिंगळ्याच्या घराला नुकसान ठरवते. दोन्ही पक्ष्यांना जे हवे, म्हणजे जुने, जखमी, पोकळ झाड, ते उपग्रहाला दिसतच नाही. वनखात्याच्या जुन्या पद्धतीत तर वठलेली आणि पोकळ झाडे ‘निकामी’ म्हणून आधी काढली जात.

भरपाई वनीकरणाचा युक्तिवादही इथेच अडतो. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावली, असे सांगितले जाते. ती दहाही जगली तरी त्यांत ढोली तयार व्हायला आजच्या धनेशाच्या कितीतरी पिढ्या जातील. पेटीसारखी कृत्रिम घरटी थायलंडमध्ये धनेशांनी वापरली आहेत, तेव्हा तो उपाय टाकाऊ नाही. पण जिथे मोठी झाडे संपलीच आहेत तिथल्या तात्पुरत्या आधाराइतकीच त्याची मर्यादा आहे.

करण्याजोग्या गोष्टी फार गुंतागुंतीच्या नाहीत. प्रत्येक वनपरिक्षेत्राच्या कार्य आयोजनेत ढोल्या असलेल्या झाडांची नोंदवही हवी, तीत झाडाचा घेर, ढोलीची उंची आणि यंदा ती कोणी वापरली हे दरवर्षी भरले जावे. कोकणात खासगी तोडीची परवानगी देताना घरट्याचे झाड आणि त्याच्या भोवतीची झाडे विणीच्या हंगामात बाजूला ठेवता येतील, आणि मालकाला त्या झाडाचे दरवर्षी काही पैसे देता येतील. एकदाच मिळणाऱ्या लाकडाच्या किमतीपुढे ही रक्कम टिकायची तर ती गावाच्या हाती, ग्रामसभेमार्फत पोचली पाहिजे. सातपुड्यात विरळ सागवानावर नवी रोपे लावण्याआधी तिथे रानपिंगळा आहे का, हे स्थानिक वनमजुरांना सोबत घेऊन तपासावे. धनेशाची घरटी शोधण्यासाठी जानेवारी ते मे हा काळ योग्य. नर फळे घेऊन ज्या झाडाकडे पुन्हा पुन्हा जातो तिथे बहुतेक वेळा फट सापडते. रानपिंगळ्यासाठी हिवाळ्यातली सकाळ उत्तम, पाने गळून गेल्यावर तो उघड्या फांदीवर ऊन घेत बसलेला असतो.